आपण स्टँड-ऑन (कोर्स-वेग कायम ठेवायचा, वाट समोरच्याने द्यायची) असताना सेकंड ऑफिसरने जहाज वळवलं, हे नियमात बसतं का?

पहिलंच_जहाज
डेक कॅडेट आहे, तिसरा महिना चालू. बारा ते चारचा वॉच, सेकंड ऑफिसरबरोबर. परवा रात्री व्हिजिबिलिटी उत्तम, आमचा कोर्स ०४०, वेग १३ नॉट. पोर्ट बोवर (पुढे डावीकडे) एक जहाज, त्याचा हिरवा, म्हणजे स्टारबोर्डचा (उजव्या बाजूचा) दिवा आमच्याकडे. म्हणजे क्रॉसिंग, आम्ही त्याच्या स्टारबोर्डला, वाट त्याने द्यायची. मी तसं म्हणालो. सेकंड म्हणाले, "बरं. बेअरिंग किती?" मी रडारकडे वळलो तर त्यांनी विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या सज्जात) डोळ्यांनी बघायला पिटाळलं. बेअरिंग (ते जहाज कोणत्या दिशेला दिसतं, अंशांत) ९ मैलांवर ००५, सहा मिनिटांनी ००४, आणखी सहा मिनिटांनी ००२. आर्पावर (रडारवरून हिशेब करणारं यंत्र) सीपीए, म्हणजे दोघांमधलं सर्वांत कमी अंतर, ०.४ मैल, आम्ही त्याच्या बोसमोरून (नाळेसमोरून) पार.

सेकंडनी कॅप्टनला फोन केला, हँड स्टिअरिंग घेतलं, आल्डिस लॅम्पने (सिग्नलच्या दिव्याने) पाच छोटे फ्लॅश दिले, पाच छोटे भोंगे दिले. तिकडे हालचाल नाही. मग ३ मैलांवर स्टारबोर्डला ६० अंश वळवलं. ते जहाज सव्वा मैलावरून आमच्या मागून गेलं, शेवटपर्यंत एक अंशही वळलं नाही.

समुद्रात टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम १७ म्हणतो, कोर्स आणि वेग कायम ठेवा. मग हे कसं चाललं? ०.४ मैल अंतर राहणारच होतं ना? आणि व्हीएचएफ रेडिओवर सरळ विचारलं का नाही? सेकंड वॉचनंतर गप्प होते, विचारायची हिंमत झाली नाही.

दर्याप्रेमी
सोपं आहे. मोठ्या जहाजाला आधी वाट. समोरचं मोठं असणार.

चीफमेट_सुट्टीवर
दर्याप्रेमी, कृपा करून हे कुणा कॅडेटला सांगू नका. ओरल्सला (तोंडी परीक्षेला) एवढं एक वाक्य बोललात तरी परीक्षक पुढचं विचारणार नाही. इंजिनवर चालणाऱ्या दोन जहाजांच्या क्रॉसिंगमध्ये आकाराला किंमत नाही. अरुंद खाडीत लहान होड्यांनी मध्ये येऊ नये, खोल बुडामुळे अडकलेल्या जहाजाची अडचण करू नये, हे वेगळं प्रकरण.

आता कॅडेट, तुझ्याकडे. तू नियम १७ चं पहिलंच वाक्य वाचलंस आणि पुस्तक मिटलंस. पुढे वाच. समोरचा वाट देत नाही हे स्पष्ट झालं की तू वळू *शकतोस*. आणि इतकं जवळ आलं की एकट्या त्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही, तेव्हा तू वळलंच *पाहिजे*. तुझ्या सेकंडनी पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधली जागा धरली. तिथेच खरी नोकरी असते. फार लवकर वळलास तर तो नेमका वाट देत असताना तू गोंधळ घालतोस. उशीर केलास तर ३०० मीटरच्या जहाजाला वळायला पाणी उरत नाही.

स्टारबोर्डलाच का? विचार कर, तो झोपेतून जागा झाला तर काय करेल? तुझ्या पुढून जायचं टाळायचं म्हणून उजवीकडे वळेल, तुझ्या मागून जायला. तू पोर्टला वळलेला असलास तर दोघं एकमेकांच्या अंगावर. म्हणून नियमातच लिहिलंय, क्रॉसिंगमध्ये आपल्या पोर्टच्या जहाजासाठी शक्यतो पोर्टला वळू नका. १९५६ च्या जुलैत आंद्रेया डोरिया आणि स्टॉकहोम ही दोन प्रवासी जहाजं धडकली. तिथे दोन्हींकडे रडार होतं. एक पोर्टला वळलं, दुसरं स्टारबोर्डला. ५१ माणसं गेली. (ती परिस्थिती क्रॉसिंगची नव्हती, आणि धुकंही होतं. धुक्यात एकमेकांना डोळ्यांनी न दिसणाऱ्या जहाजांना नियम १९ लागतो. तिथे स्टँड-ऑन कुणीच नसतं, हे कॅडेट हमखास विसरतात.)

सीपीए ०.४. हा आकडा मागच्या काही मिनिटांच्या चालीवरून काढलेला अंदाज. समोरच्याने जरा वेग किंवा कोर्स बदलला की उडाला. तूच लिहिलंयस, १२ मिनिटांत बेअरिंग ३ अंश सरकलं. नियम ७ म्हणतो, बेअरिंग जाणवण्याइतकं बदलत नसेल तर धोका आहे असंच समजा, आणि मोठं जहाज असेल किंवा जवळ आलेलं असेल तर बेअरिंग बदलत असतानाही धोका असू शकतो. विंगवर पिटाळलं ते म्हणूनच. त्यात राग मानण्यासारखं काही नव्हतं.

व्हीएचएफचं सांगतो, कारण मी ते केलंय. थर्ड ऑफिसर होतो, एआयएस (जवळच्या जहाजांची नावं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) नव्हतं. "माझ्या पोर्ट बोवरचं जहाज" म्हणून चॅनेल १६ वर हाक मारली. "ओके ओके, पास ग्रीन टू ग्रीन" (हिरव्या दिव्यांच्या बाजू समोरासमोर ठेवून जाऊ) असं उत्तर आलं. मी खुश. समोरचं जहाज मात्र सरळच येत राहिलं. उत्तर देणारा होता सहा मैलांवरचा भलताच कुणीतरी, त्याच्याही पोर्ट बोवर जहाज होतं. बोलण्यात गेलेली तीन मिनिटं मला परत मिळाली नाहीत. शेवटी स्टारबोर्डला पूर्ण फेरी मारली. कॅप्टन वर आले, काही बोलले नाहीत, माझ्या हातातला हँडसेट घेऊन जागेवर ठेवला. आता नाव स्क्रीनवर दिसतं हे खरं, पण वाटाघाटी करून नियमाबाहेरचं ठरवायची खोड तशीच राहते.

पाच फ्लॅश आणि पाच भोंगे म्हणजे "तुझा इरादा मला कळत नाहीये". त्याला उत्तर नाही आलं, म्हणजे उत्तर मिळालंच.

बोसन_तीस_वर्षं
चीफसाहेबांनी सगळं सांगितलं. मी डेकवरचा माणूस, ब्रिजच्या नियमांत नाक खुपसत नाही. पण पोरा, तिथे तुला विचार करायला बारा मिनिटं मिळाली. डेकवर तेवढी मिळत नाहीत.

एका कॅडेटचा टॉर्च चेन लॉकरमध्ये (नांगराची साखळी ठेवायच्या बंद खोलीत) पडला. झाकण उघडं होतं, खाली दिसत होता टॉर्च, पेटलेलाच. "दोन मिनिटांत घेऊन येतो" म्हणत पाय आत टाकला. मी बॉयलर सूटची कॉलर धरून मागे खेचला, शिवी पण दिली. खाली साखळी, चिखल आणि गंज. गंज धरताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं. २१ टक्के असायला हवा. नंतर ऑक्सिजन मीटर दोरीला बांधून खाली सोडला तर तोंडाशी ठीक, तळाशी १४. वास नाही, धूर नाही. परमिट, मीटर, दाराशी माणूस, यातलं एक नसेल तर आत जायचं नाही, कॅप्टनने सांगितलं तरी. आणि कुणी आत पडलेला दिसला तर आधी अलार्म. मागोमाग उडी मारणारा दुसरा असतो, त्याच्यामागे तिसरा. ईईबीडी (पळण्यापुरत्या हवेचा मास्क) घालून पण जायचं नाही, ती दहा मिनिटांत बाहेर पळायची सोय आहे, आत जायची नाही.

मूरिंगला (जहाज धक्क्याला बांधताना) दोर ताणला की कुठे उभा आहेस ते बघ. डेकवर रंगवलेल्या धोक्याच्या पट्ट्याच्या बाहेर आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस, तुटलेला दोर रंग बघून येत नाही.

पहिलंच_जहाज
धन्यवाद सर. बोसन सर, आमच्याकडे चेन लॉकर उद्याच साफ करायचाय. परमिटवर माझं नाव स्टँडबाय म्हणून आहे, म्हणजे दाराशी. मीटर नेमका किती किती उंचीवर धरायचा?

बोसन_तीस_वर्षं
वर, मध्ये, तळाशी, तिन्हीकडे. प्रत्येक ठिकाणी नळी धरून आकडा स्थिर होईपर्यंत थांब, घाई नको. आधी पंखा लावून हवा खेळू दे, मग मोज, आणि माणसं आत असेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजत राहा. तू दाराशी, म्हणजे दार सोडून चहाला सुद्धा जायचं नाही. वॉकीटॉकी आधी तपासून घे, लोखंडात आवाज मरतो.

चीफमेट_सुट्टीवर
आणि उद्या रात्री वॉचला सेकंडना विचार. ते गप्प होते याचा अर्थ चिडले होते असं नाही. मी असतो तर कॅडेटने विचारायची वाट बघत बसलो असतो.