मदत हवी आहे: 14 खंडांची फँटसी घ्यावी की कथासंग्रह?

नमस्कार मंडळी. आमच्या खानापुरात छोटा वाचनगट आहे. वर्गणी काढून बेळगावातून पुस्तकं आणतो. आता गटातल्या कॉलेजच्या पोरांनी 'द व्हील ऑफ टाइम'चा हट्ट धरलाय. 14 खंड हो! पहिला 1990चा, शेवटचा 2013चा. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये वारले, शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. मला विचाराल तर निदान संपलीय हेच मोठं. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा खंड 2011 मध्ये आला, त्याचे वाचक सहाव्यासाठी ताटकळलेत.

आमच्यातले जुने लोक नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचून वाढलेले. एका बैठकीत गोष्ट संपावी, रात्री लाइट गेली की भीती वाटावी, बस्स. माझाही कल तिकडंच. पण पोरं गटातून गेली तर चर्चेला उरणार कोण?

ज्यांनी ही मालिका पूर्ण वाचलीय त्यांनी सांगा की, मधल्या खंडांत खरंच रेंगाळते काय? अर्ध्यात सोडली तर चालते? की टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड'सारखं, बऱ्याच ठिकाणांहून सुरू करता येणारं काहीतरी घ्यावं? आणि भुताखेतांपलीकडचे, विज्ञानकथा किंवा फँटसीचे अलीकडचे मराठी कथासंग्रह असतील तर तेही सुचवा. गटात दोघं कन्नडही वाचतात, तिकडचं नाव असलं तरी चालेल.