प्रतिसाद: पहिले हेलिकॉप्टर आणि त्याची बॅटरी
नवशिक्याने रिमोटवर उडणारे पहिले हेलिकॉप्टर थेट सहा चॅनेलचे (म्हणजे सहा वेगवेगळी नियंत्रणे असलेले) घ्यावे, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला पटत नाही. त्याऐवजी कोअ‍ॅक्सिअल प्रकार घ्यावा: त्यात एकाच आसावरचे दोन रोटर परस्परविरुद्ध दिशांना फिरून एकमेकांचा पीळ (हेलिकॉप्टरला गरगर फिरवू पाहणारा जोर) रद्द करतात, त्यामुळे ते हवेत बऱ्यापैकी स्थिर राहते. मात्र साध्या झुळकेनेही वाहवत जाते, म्हणून ते घरातच उडवावे. देखभालीत खरी काळजी लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीची. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि बरेच दिवस उडवायचे नसेल, तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. (फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय’ म्हणून वापरणे हा शुद्ध वेडेपणा आहे.) हेलिकॉप्टर थरथरू लागले, तर जायरोला (तोल सांभाळणाऱ्या सेन्सरला) दोष देण्याआधी बॅटरी काढून पात्यांच्या कडांवरून बोट फिरवावे, पुष्कळदा तिथेच टवका उडालेला सापडतो.