पर्समधलं च्युइंगम आणि आमची चिंगी

प्रश्न:
परवा आमची कुत्री चिंगी मरता मरता वाचली. साडेआठ किलोची आहे, दोन वर्षांची. खुर्चीला अडकवलेल्या माझ्या पर्समधून तिनं शुगर-फ्री च्युइंगमचं पाकीट ओढून काढलं. मी आले तेव्हा चंदेरी कागदाचा चोथा फरशीवर पडलेला, १२ पैकी ४ गोळ्या शिल्लक. फार तर पोट बिघडेल, असं वाटलं. अर्ध्या तासानं पाणी प्यायला उठली आणि मागचे पाय फाकून खालीच बसली, मान डुलत होती. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर ४१! सलाइनमधून ग्लुकोज दिलं आणि यकृतासाठी तीन दिवस रोज रक्त तपासलं. च्युइंगममध्ये साखरेऐवजी घालतात त्या गोड पदार्थाचं नाव, झायलिटॉल, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. फिनेल, ब्लीच मी वरच्या फळीवरच ठेवते हो. पण विष वाटतच नाही असं घरात आणखी काय काय असतं? ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
चिंगी सावरली, फार बरं वाटलं. झायलिटॉल माणसाला बाधत नाही, कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यानं इन्शुलिन एकदम सुटतं आणि साखर कोसळते. काही टूथपेस्ट, माउथवॉश, पीनट बटर यांतही ते असतं. डब्यावर 'बर्च शुगर' लिहिलं असेल तर तेही तेच.

प्रतिसाद २:
आमच्याकडे कपाटामागे ठेवून विसरलेलं उंदराचं औषध होतं. खाल्ल्यावर तीन दिवस आमचा मोती धडधाकट, जेवत होता, खेळत होता. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक आणि धाप. त्या औषधानं रक्त गोठवणारे घटक नव्यानं तयार होत नाहीत, पण आधीचा साठा संपेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. व्हिटॅमिन के-१ महिनाभर चाललं. उंदराच्या सगळ्याच औषधांवर हा उतारा चालत नाही, म्हणून खोका सोबत न्या. मी तो फेकून दिला होता. नाव आठवण्यात किती वेळ गेला, आजही विसरता येत नाही.

प्रतिसाद ३:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सर्वांत जास्त रडतात ते "मीच दिलं" म्हणणारे. लंगडतोय म्हणून मायेनं आपली आयबुप्रोफेन दिलेली असते, तिनं पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं नको. सोरायसिसच्या काही मलमांत कॅल्सिपोट्रायॉल असतं. नळी चावली तर रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. मलम लावलेला हातही चाटू देऊ नका. मनुका-द्राक्षं एकाला पचतात, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्यातच बंद पडतात. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी तांबड्या पेशी फोडतो.

आणि मीठ पाजून उलटी काढू नका, मीठच जिवावर बेततं. अ‍ॅसिड किंवा रॉकेल गेलं असेल तर उलटीनं इजा वाढते. फोन करा आणि काय, किती, केव्हा खाल्लं आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगा.

मूळ प्रश्नकर्ती:
तुमचं वाचून लगेच बाबांच्या खोलीत गेले. कोपरांना लावायचं मलम उशीशेजारीच होतं. कॅल्सिपोट्रायॉल! झाकणावर बारीक दातांच्या खुणा आहेत. नळी फुटलेली दिसत नाही, तरी डॉक्टरांना फोन लावतेय.