उदारमतवादी उमेदवार कुठे शोधायचा?

आधी उदारमतवादी (खुला बाजार आणि कमीत कमी सरकारी बंधनं मानणारा) पक्ष नोंदवू, मग विधानसभेला उमेदवार शोधू, असं काही जण सुचवतात. हा क्रम मला उलटा वाटतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाला स्वतःच्या पक्षघटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, आणि उदारमतवाद्याला तीच अडचण. अपक्ष उमेदवाराच्या शपथेत ती अट नाही.

नवी मुंबईत माणूस शोधायचा तर सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्यावर आणि घर दुसऱ्याच्या नावावर करताना लागणाऱ्या हस्तांतरण शुल्कावर भांडणाऱ्या सोसायट्यांत शोधा. त्याला एकच विचारा: शुल्क सगळ्यांचंच रद्द करायचं, की फक्त आपल्या सेक्टरला माफी हवी? माफी मागणाऱ्याला सोडून द्या, तो निवडून आल्यावर आणखी सवलतीच मागेल.

अपक्षाला दहा सूचक (अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारे) लागतात, तेही त्याच मतदारसंघाचे मतदार. घात इथेच होतो. उदाहरणार्थ ठाणे, ओवळा-माजिवडा आणि कोपरी-पाचपाखाडी हे मतदारसंघ एकमेकांना खेटून आहेत. शेजारच्या मतदारसंघातला एक सूचक निघाला तरी अर्ज बाद. पत्त्यावर विसंबू नका, मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक ताडून पाहा. चार अर्ज भरता येतात, अनामत (सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये) एकदाच. म्हणून किमान दोन भरा, दुसऱ्यात सूचक पूर्ण वेगळे. खर्चाचं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं हवं.