फेटाळलेल्या दाव्यात काय मिळाले?
‘जर्मन कंपनीवरचा पेरूच्या शेतकऱ्याचा दावा फेटाळलाच गेला, तेव्हा हवामान बदलाची भरपाई न्यायालयातून मिळणे नाही’ असे काही जण म्हणतात. निकाल खरा, पण कारण पाहावे. जर्मनीतील हाम येथील न्यायालयाने 28 मे 2025 रोजी दावा फेटाळला, तो त्या शेतकऱ्याच्या घराला हिमतळ्याच्या (हिमनदी वितळून साचलेल्या तळ्याच्या) पुराचा पुरेसा धोका सिद्ध झाला नाही म्हणून. हरितगृह वायूंचे मोठे उत्सर्जन करणाऱ्या कंपनीवर तिच्या वाट्याच्या प्रमाणात प्रतिबंधाचा खर्च टाकता येऊ शकतो, हे तत्त्व त्याच निकालाने मान्य केले आहे.

खरी अडचण कार्यकारणभाव सिद्ध करण्याची. आमच्या बडोद्यात ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले आणि ओसरल्यावर फुगलेल्या गाद्या, बंद पडलेले फ्रीज रस्त्यावर आले (मगरी आल्या त्या वेगळ्याच). आता दावा लावायचा कोणावर? पाऊस अतोनात होता, हे खरेच. पण नदीच्या कोतरांत (काठच्या घळींत) भराव घालून झालेली बांधकामे काही आभाळातून पडलेली नाहीत, आणि प्रतिवादीचा वकील पहिल्याच तारखेला नेमके तेच दाखवील. म्हणून माझ्या मते बडोदेकरांनी परदेशी कंपनीआधी स्थानिक यंत्रणेला जाब विचारावा. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये रणजितसिंह खटल्यात (माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या) राज्यघटनेच्या कलम 14 (समानता) आणि 21 (जीविताचा हक्क) यांच्या आधारे मान्य केला आहे, तो त्या कामी येईल. तोवर पंचनाम्याची प्रत आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा तारखेसह फोटो जपून ठेवावा.