बर्लिनला अनमेल्डुंगशिवाय रूम घेऊ का?

घोडबंदरकर:
टीयू बर्लिनला मास्टर्सची ऍडमिशन झालीय, ऑक्टोबरपासून. व्हिसा आला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठीचं खातं, दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते) ११,९०४ युरो भरले (बाबांनी एफडी मोडली), फक्त राहायचं कुठे तेच ठरत नाहीये. हॉस्टेलची वेटिंग लिस्ट हलतच नाही. आता नॉयकोल्नमध्ये एक रूम मिळतेय ४०० युरोला, पण तो माणूस म्हणतो अनमेल्डुंग नाही होणार, म्हणजे त्या पत्त्यावर नोंदणी नाही, आणि डिपॉझिट आत्ताच पाठव. महिन्याला अकाउंटमधून ९९२च निघणार त्यामुळे ४०० बघून मन डळमळतंय. आई म्हणते घेऊन टाक, डोक्यावर छप्पर तर होईल. काय करू?

वाशी_ते_वेडिंग:
अजिबात नको. इथे पत्त्याची नोंदणी नसेल तर पुढचं सगळं अडतं. घरात राहायला आल्यापासून १४ दिवसांत करायची असते आणि घरमालकाच्या सहीचा कागद लागतोच. मग टॅक्स आयडी पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, तो नसला की पार्टटाइम जॉबच्या पगारातून भरमसाट टॅक्स कापतात, आणि व्हिसा संपत आला की रेसिडेन्स परमिटला पुन्हा तीच नोंदणी विचारतात. अजून एक, इथे बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लॅटला नंबरच नसतो! आपल्याकडे बी विंग ७०३ लिहिलं की झालं, इथे पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत. नवीन पोरांची बँकेची कार्डं अशीच परत जातात. त्यामुळे शिफ्ट झाल्या झाल्या घरमालकाला विचारून पेटीवर नाव चिकटव, साधी चिठ्ठी आणि सेलोटेप चालते.

पाचपाखाडीची_काकू:
अरे बाळा पैसे आधी पाठवू नकोस हं. माझा मुलगा तिथेच आहे, त्यालाही असाच एक भेटला होता, मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो म्हणे! कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्याएवढंच घेता येतं, हीटिंग वगैरे धरायचं नाही. माझ्या मुलाने आधी नोंदणी होईल अशी सबलेट (दुसऱ्या भाडेकरूकडून काही दिवसांपुरती घेतलेली रूम) घेतली आणि तिथे राहून प्रत्यक्ष घरं बघितली. आईला सांग छप्पर मिळेल पण कागद नाही मिळणार. आणि रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी पोचलास तर आधी दूध-ब्रेड आण.

घोडबंदरकर:
थँक्यू काकू, आईला तुमचा रिप्लाय वाचून दाखवला, गप्प झाली. नाही सांगतो त्याला. पण मग जरा लांब बघू का? तिथले सगळे रिंगच्या आतच राहा म्हणतात.

कळवा_स्लो:
ठाण्याचा पोरगा लांबचं काय विचारतो रे 😂 रिंग म्हणजे एस४१ आणि एस४२ गोल फिरतात ती लाइन, पूर्ण चक्कर तासाभराची. तिच्या आतलं भाडं परवडत नाही म्हणून कोणी मरत नाही. स्पांडाउ बघ, मार्त्सान बघ, पोट्सडामसुद्धा बघ, तिथून आरई१ ही रीजनल गाडी पकडलीस की वीसेक मिनिटांत झू स्टेशन आणि पुढे टीयू चालत. सेमिस्टर तिकीट पूर्ण जर्मनीत लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतं, फक्त आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या फास्ट गाडीत चढू नकोस. बर्लिनमध्येच राहिलास तर नोंदणीची अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही बुर्गरआम्टची (नागरिक सेवा ऑफिस) चालते, घराजवळचंच पाहिजे असं नाही. सकाळी लवकर साइट रिफ्रेश करत बस, कॅन्सल झालेले स्लॉट तेव्हा दिसतात, नाहीच मिळाला तर ११५ या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव.