‘डोळ्यांपुढे अंधारी येणे’: एका की दोन्ही?

प्रश्न:
आईच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, रिपोर्टवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिलंय. ‘मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते’ असं ती म्हणाली, तर डॉक्टरांनी लगेच विचारलं, ‘एका डोळ्यापुढे की दोन्ही?’ एका डोळ्यापुढे अंधारी येते का? त्याला आपण काय म्हणतो?

प्रतिसाद:
बोलण्यात अंधारी ही दोन्ही डोळ्यांपुढेच येते. ‘घेरी आली, अंधारी आली’ असं आपण जोडीनं म्हणतो. ठोके फार मंदावले किंवा फारच वाढले की मेंदूला रक्त कमी पडतं, आणि शुद्ध हरपण्याआधी सगळंच काळं होतं.

एका डोळ्याचा प्रकार निराळा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत अडकली, तर दुखत काहीच नाही, पण नजर एकदम जाते. थोड्या वेळानं परत दिसू लागलं तरी तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो. ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. तिथे ‘अंधारी आली’ म्हणू नका, डॉक्टर चक्करच समजतील. ‘पडदा सरकला’ही नको, तो डोळ्याच्या आतला पडदा जागेवरून सुटण्याचा वेगळा आजार आहे. ‘उजव्या डोळ्याची नजर गेली आणि परत आली’ असं सरळ सांगा. आणि आईला आत्ताच शिकवून ठेवा, तसं झालं की आळीपाळीनं एकेक डोळा झाकून बघायचा. ‘उजव्या डोळ्याला दिसत नव्हतं’ आणि ‘उजवीकडचं दिसत नव्हतं’ यांतला फरक एरवी आपला आपल्याला कळत नाही.

आणखी एक प्रतिसाद:
‘औषध’ या शब्दाकडेही बघा. ‘काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की आपली वडीलधारी माणसं गोळ्या तेवढ्या मोजतात. डोळ्यांत टाकायचे ड्रॉप त्यांच्या हिशेबात नसतात. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलॉल अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतं, तिथून रक्तात जातं, आणि काहींची नाडी त्यानं मंदावते. मग येते ती दोन्ही डोळ्यांपुढची अंधारी. ड्रॉप टाकल्यावर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरला, तर रक्तात कमी जातं. मनानं बंद मात्र करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आईचे ड्रॉप असतील तर ती बाटलीच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.